कातळात कायम झालेली दिशा

पृथ्वीचे कवच अनेक तुकड्यांचे आहे आणि हे तुकडे, म्हणजे प्लेट्स, वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. हे सरकणे सुरू कधी झाले, यावर मात्र भूवैज्ञानिकांचे अजून एकमत नाही. साक्षीला उरलेत ते जुने खडक.

लाव्ह्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. तो सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली थंडावला, की त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा या कणांत कायम होते. विषुववृत्तावर ही दिशा आडवी असते, ध्रुवाकडे जावे तशी उभी होत जाते. त्यामुळे खडक कोणत्या अक्षांशावर थिजला ते काढता येते. रेखांश कळत नाही. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट विषुववृत्ताच्या दक्षिणेला थिजला, हेही असेच कळले.

पुढे खडक पुन्हा तापला, तर जुन्या नोंदीवर नवी चढते. म्हणून प्रयोगशाळेत नमुना थोडा तापवायचा, मोजायचा, पुन्हा थोडा अधिक तापवायचा. वरची नोंद उतरत जाते आणि मूळची हाती लागते. खरी कसोटी इथेच लागते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारात हार्वर्डच्या अ‍ॅलेक ब्रेनर, रॉजर फू आणि सहकाऱ्यांनी हेच केले. २०२० साली त्यांनी मांडले, की ३३५ ते ३१८ कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग वर्षाला सरासरी किमान २.५ सेंटिमीटर सरकत होता. वेग आजच्या प्लेट्ससारखाच. तरी सगळे कवच एकसंध घसरले असण्याची शंका उरते. ती फिटायला त्याच काळातला, वेगळ्या गतीने सरकलेला दुसरा भूभाग सापडायला हवा.