डोकी मोजणारा नियम

आयफोनवरून टॅक्सी बोलावली तर भाड्यातला एक पैसाही ॲपलला कमिशन म्हणून जात नाही. सेवा ॲपबाहेर, रस्त्यावर मिळते, म्हणून तिचे पैसे ॲपलच्या खरेदी व्यवस्थेतून घ्यायला उलट मनाईच आहे. जिममधल्या वर्गाचंही तसंच. वर्ग व्हिडिओवर आला की मात्र नियम विद्यार्थी मोजू लागतो. शिक्षकासमोर एकच जण असेल तर फी हवी तशी घ्या. दोन असले तरी ती ॲपलमार्फत घ्यायची, आणि त्यातून 30 टक्के कापले जाणार. (अमेरिका-युरोपात न्यायालय आणि कायद्यामुळे आता काही वाटा खुल्या झाल्यात, ते वेगळं.) म्हणजे तबल्याची हजार रुपयांची शिकवणी एकट्याची असेपर्यंत कपात शून्य, दुसऱ्या घरातून आणखी कुणी जोडलं गेलं की प्रत्येकाच्या हजारातले तीनशे गेले. वर्षाला 10 लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांना 15 टक्क्यांची सवलत आहे, पण ती ॲप चालवणाऱ्याची कमाई बघून. मोठ्या कंपनीच्या ॲपवर शिकवणाऱ्या गरीब गुरुजींना तिचा उपयोग नाही.

ही रेघ ठळक झाली ती 2020 मध्ये. कोरोनाने वर्ग, सहली, मैफली पडद्यावर आणल्या आणि क्लासपास, एअरबीएनबी या बुकिंग कंपन्यांकडे ॲपलने वाटा मागितला. त्या ऑगस्टमध्ये फेसबुकने छोट्या व्यावसायिकांच्या ऑनलाइन कार्यक्रमांसाठी 30 टक्के माफ करा म्हटलं. ॲपलने नकार दिला, आणि हा वाटा ॲपल घेतं हे ग्राहकाला सांगणारी ओळसुद्धा ‘अनावश्यक माहिती’ म्हणून काढायला लावली. एकास-एक सेवांची सूट सप्टेंबरमध्ये नियमात आली. समूहवर्गांना तात्पुरती सवलत मिळाली, ती 2021 अखेरपर्यंत.

ॲपलच्या बाजूने एक मुद्दा दमदार आहे. हजारो प्रेक्षकांचा थेट कार्यक्रम आणि चित्रपट यांत विक्रीच्या दृष्टीने फारसा फरक नाही. सगळ्या ‘थेट’ गोष्टींना सूट दिली तर जो तो रेकॉर्डिंगवर तीच पाटी लावेल. शिवाय डोकी मोजणं सोपं असतं. पण हा धाक हजारोंच्या कार्यक्रमाचा आहे, त्याची किंमत पाच जणांच्या वर्गाने का मोजावी? तिथे शिक्षक प्रत्येकाचा चुकलेला बोल ऐकून थांबवतो. विकला जातो तो त्याचा तास, फाइल नव्हे. सुरक्षित व्यवहार आणि परताव्याची सोय ॲपल देतं, हे खरं. पण ती सोय एकट्या विद्यार्थ्यालाही हवीच असते, आणि तिथे ॲपल तिच्याशिवाय व्यवहार होऊ देतं. छोट्या वर्गांना सूट देताना संख्येची मर्यादा आणि शिक्षकाशी दोन्ही बाजूंनी संवाद, एवढ्या दोन अटी घातल्या तरी रेकॉर्डिंग विकणारा बाहेर राहील.