प्लॅस्टर निघाल्यानंतर

शाळेत दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी हाताला प्लॅस्टर घालून येतो. कधी झाडावरून पडलेला असतो, कधी सायकलवरून. कोपराजवळचे हाड मोडलेले असते. काही आठवड्यांनी प्लॅस्टर निघते आणि घरचे धास्तावतात. हात बारीक झालेला, कातडी कोरडी. कोपर ना पुरते सरळ होत, ना पुरते वाकत. ‘हाड जुळले म्हणतात, मग हात असा का?’ हा प्रश्न पालक पुष्कळदा डॉक्टरांना विचारायला बिचकतात, पण शिक्षकांना विचारतात.

मोडलेले हाड जुळण्यासाठी ते जागच्या जागी राहायला हवे, म्हणून प्लॅस्टर. पण त्यात हाडाबरोबर शेजारचे स्नायू आणि सांधेही जखडले जातात. स्नायूंमधील प्रथिने सतत मोडत असतात आणि नवी तयार होत असतात. नवी तयार होण्याचा वेग स्नायूवर पडणाऱ्या ताणावर अवलंबून असतो. ताणच नसेल तर हा वेग मंदावतो, मोडतोड भरून निघत नाही आणि स्नायूंचे तंतू बारीक होतात.

सांध्याचे काय होते? हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण होते ते सांध्यातील द्रवातून. स्पंज पाण्यात दाबून सोडला की पाणी आत-बाहेर होते, तसा सांधा हलताना हा द्रव कूर्चेत ये-जा करतो. सांधा स्थिर राहिला की ही ये-जा कमी होते. शिवाय सांध्याभोवतीचे आवरण आखडते.

नुसत्या विश्रांतीची किंमत किती असू शकते, हे अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली झालेल्या एका प्रयोगात दिसले. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. श्रम करताना प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली. पुढे सुमारे आठ आठवडे व्यायाम केल्यावर ती भरून आली. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी निघाली!

भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, नेमके इथे उपयोगी पडतात. शरीर ताणाला प्रतिसाद देते. तो ताण केव्हा, किती आणि कोणत्या दिशेने द्यायचा हे ठरवणे, हे त्यामागचे शास्त्र. सुरुवात हलक्या हालचालींनी होते, मग थोडे वजन, मग अधिक. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसा जाड झालेला दिसत नाही, तरी ताकद वाढते. कारण मेंदू आणि मज्जातंतू अधिक तंतूंना एकदम कामाला लावायला पुन्हा शिकतात. स्नायू भरतो तो नंतर. म्हणूनच ‘काही फरक दिसत नाही’ म्हणून मध्येच व्यायाम सोडणे नुकसानीचे.

हेच तत्त्व आजारातही लागू पडते. गुडघ्याची कूर्चा झिजलेल्या आजीला मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सांगतात. झिजलेली कूर्चा त्याने परत येत नाही. पण स्नायू बळकट झाले की सांध्याला आधार मिळतो, वेदना कमी होतात आणि जिना चढणे सोपे जाते.

एक धोका मात्र ध्यानात ठेवायला हवा. आखडलेले कोपर ‘मोकळे’ करण्यासाठी जोरात मालिश करण्याची किंवा दुसऱ्याने हात ओढून सरळ करण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. कोपराच्या दुखापतीनंतर अशा बळजबरीने स्नायूत नको तिथे हाड तयार होऊ शकते आणि सांधा कायमचा आखडू शकतो. हाड जुळल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर मुलाने स्वतःच्या बळाने, सोसेल तितकाच हात हलवावा. हालचाल वाढण्याऐवजी घटू लागली, सूज आली किंवा दुखणे वाढले, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जावे.

वर्गात एक गोष्ट करता येईल. मुलाची तयारी असेल तरच दर आठवड्याला त्याच्या दोन्ही दंडांचा घेर दोऱ्याने मोजा. दोन्ही कोपरे किती सरळ होतात आणि किती वाकतात, ते कंपासपेटीतल्या कोनमापकाने पाहा. भौतिकोपचार करणारेही अशाच एका कोनमापकाने सांध्याची हालचाल मोजतात. त्याचा चांगला हात हेच आपले प्रमाण. आकडे आलेखावर मांडा. दोन रेषा हळूहळू जवळ येताना दिसतील. घेर आधी जवळ येतो की कोन, हे मुलांनाच शोधू द्या.

आणि तो मुलगा फळा पुसायला उठला, तर डॉक्टरांनी मनाई केलेली नसताना ‘राहू दे रे, तुझा हात दुखेल’ म्हणून त्याला खाली बसवू नका. त्याला पुसू द्या.