नसलेली भेग

"कमान कधी पडली रे?" कॅनडातून आत्याने घाबऱ्या आवाजात विचारलं. वसईच्या किल्ल्यात काढलेलं एक चौफेर छायाचित्र मी तिला पाठवलं होतं. पडद्यावर बोट फिरवलं की दृश्य फिरतं, वर आभाळ, खाली जमीन. आणि त्यात एका दगडी कमानीच्या मधोमध चांगली वीतभर भेग होती. कमान प्रत्यक्षात ठणठणीत उभी आहे. ती भेग पाडली होती मी.

नाकासमोर बोट धरा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट उडी मारतं, पलीकडची भिंत मात्र जागची हलत नाही. याला पराशय म्हणतात. मी हात लांब करून फोन धरला होता आणि स्वतःभोवती फिरत एकेक फोटो घेत होतो. म्हणजे भिंग सुमारे अर्धा मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत होतं. 30 अंश वळलं की ते 26 सेंटिमीटर सरकतं. तेवढ्याने 2 मीटरवरची कमान 7 अंशांपर्यंत हलते, 100 मीटरवरची तटबंदी 0.15 अंश. पूर्ण चित्र 8000 पिक्सेल रुंद असेल, तर कमान दीडशेएक पिक्सेल सरकली आणि तटबंदी जेमतेम तीन. शेजारशेजारच्या फोटोंत तोच दगडाचा कोपरा, तीच झाडाची फांदी हुडकून संगणक ते एकमेकांना जोडतो. त्याने लांबची तटबंदी बिनचूक जुळवली, जवळची कमान मोडली.

उपाय सोपा, पण चिकाटीचा. फोन ट्रायपॉडवर असा बसवायचा, की भिंग स्वतःच्याच जागी फिरेल. मग जवळचं आणि लांबचं एकमेकांपुढे सरकत नाही.

जोडून तयार झालेलं चित्र पाहिलं तर ओळखू येत नाही. रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट, कारण आडवे 360 अंश आणि उभे 180. जगाच्या सपाट नकाशात ध्रुवाजवळचा ग्रीनलँड अवाढव्य दिसतो, तसं इथे डोक्यावरचं आभाळ ताणलं जातं आणि सरळ तटबंदी धनुष्यासारखी वाकते. संगणक हा कागद पुन्हा गोलाच्या आतून चिकटवतो आणि त्या गोलाच्या मध्यावर आपल्याला उभं करतो.

माणसाची ही हौस जुनी आहे. रॉबर्ट बार्करने चौफेर चित्राचं पेटंट 1787 साली घेतलं, आणि 1793 पासून लंडनकर गोल दालनात उभे राहून अशी चित्रं बघू लागले. गूगलने रस्त्यांची चौफेर दृश्यं 2007 मध्ये अमेरिकेत दाखवायला सुरुवात केली. भारतात ती सोय देशी कंपन्यांच्या मदतीने जुलै 2022 मध्ये दहा शहरांपासून सुरू झाली.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. 1739 साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या या किल्ल्याचे फोटो घरोघरी आहेत, पण बहुतेकांत तेच भग्न चर्च, तोच बुरूज, तीच लग्नाआधीची जोडपी. चौफेर चित्रात चौकट निवडता येत नाही. भिंतीच्या सांध्यात शिरलेली पिंपळाची मुळं, पायथ्याशी पडलेला कचरा, सगळं येतं. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर, त्याच जागी ट्रायपॉड ठेवून असं चित्र घेतलं, तर मूळ किती वाढलं आणि कोणता दगड हलला, हे पडद्यावर मोजता येईल. हे काम वसईच्या शाळा-कॉलेजांतली मुलं सहज करू शकतील आणि त्यांनी ते करायलाच हवं. फक्त जोडणी चोख हवी, नाहीतर माझ्या भेगेसारख्या नसलेल्या भेगा नोंदीत शिरतील.

पुढच्या रविवारी ट्रायपॉड घेऊन पुन्हा गेलो. नवं चित्र आत्याने उघडलं. कमान शाबूत आहे, एवढी खात्री करून घेतली आणि लगेच पाठ फिरवली. मी मुद्दाम मध्यावर ठेवलेलं चर्च तिला नको होतं. तिला किल्लाबंदरकडची वाट बघायची होती. लहानपणी ती तिकडूनच बोंबील आणायला जायची. वाट सापडली, तिच्या कडेचं ताडाचं झाडही सापडलं.

"तू कुठे आहेस यात?" तिने विचारलं.

"मी फोनच्या मागे मागे फिरत होतो, म्हणून कुठेच नाही."

तिने दृश्य खाली झुकवलं, सावकाश फिरवलं आणि ट्रायपॉडपासून दोन पावलांवर, गवतात पडलेली माझी सावली शोधून काढली.