पायाखालची फळी

नवरात्रातली गोष्ट. वाशीममधल्या एका मंडळासमोर चार मुली नाचत होत्या. अंगात बंजारा फेटिया-कांचळी, कपड्यांवरचे आरसे दिव्यात लखलखत होते. मध्येच कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि स्पीकर बंद पडला. दिवे चालू, गाणं गायब. गर्दीतून "अर्रर्र" झालं, ऑपरेटर धावला. मुली नाचतच राहिल्या. गिरकी, टाळी, बसून उठणं, सगळं जिथल्या तिथे. स्पीकर सुरू झाला तोवर त्या शेवटच्या फेरीत होत्या. मग निवेदकाने माइक उचलला, "मंडळी, या मुलींना ऐकू येत नाही बरं का!" त्यासरशी इतका वेळ भेळ खात बसलेली माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली.

मला ते उठणं खटकलं. नाच तर तोच होता.

चार दिवसांनी त्यांच्या तालमीला गेलो. गोदामाला लागून एक लांबट खोली, दाराशी चपलांचा ढीग. सोयाबीनचा हंगाम, त्यामुळे हवेत कुटाराचा कोरडा, नाकाला झोंबणारा वास. अजूनही तो वास आला की ती खोली आठवते. नाच बसवणाऱ्यांना सगळे 'सर' म्हणतात. ते स्वतः ऐकू शकतात, पण थोरला भाऊ कर्णबधिर. खुणांची भाषा घरातच शिकलेली.

खोलीत शहाबादी फरशी आहे आणि फरशीतून ठेका पायात येत नाही. म्हणून सरांनी मंडपवाल्याकडून जुन्या फळ्या आणल्या, खाली विटा लावल्या आणि स्पीकर पालथा करून फळीवर ठेवला. मी बूट काढून उभा राहिलो. ढोल टाचेतून थेट पोटरीपर्यंत चढतो. गाण्याचे शब्द मात्र अजिबात येत नाहीत, बासरीही नाही. म्हणजे फळी सुरुवात दाखवते, लय धरायला मदत करते, बाकी सगळं मोजणं आणि नजर. सर समोर उभे राहून बोटांनी आठ मोजतात. पुढच्या दोघी सरांकडे बघतात, मागच्या दोघी पुढच्यांच्या खांद्यांकडे.

"ह्या ऐकत नाही, पायतात," सर म्हणाले. "आपल्याले वाटते देवाची करणी. रोज तीन तास आहे हे."

मुलींच्या पायात घुंगरू होते. मी विचारलं, हे कशाला? सरांनी प्रश्न हातांनी पुढे पोचवला. हनुवटीवर जुना व्रण असलेल्या मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. तुमच्यासाठी.

त्या मुलीचं खुणांच्या भाषेतलं नाव म्हणजे हनुवटीखालून ओढलेलं एक बोट. अशी नावं मैत्रिणीच ठेवतात, कागदावरच्या नावाशी त्यांचा काही संबंध नसतो. मीही तिला इथे हनुवटीच म्हणतो. ती मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरची. लहानपणी रामनवमीला याडीच्या, म्हणजे आईच्या, कडेवर बसून पोहरादेवीच्या यात्रेत गेली, तिथे नगारा वाजला आणि तो तिच्या छातीत वाजला. हे सांगताना तिने मूठ बरगडीवर दोनदा आपटली. आता पोहरादेवीत नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय झालं आहे, ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. ते बघितलंस का, मी विचारलं. बघितलं. पण इमारत वाजत नाही.

मग मी त्या बंद स्पीकरचं काढलं. तुम्हाला कळलंच नाही ना? ती हसली. कळलं होतं. फळी गप्प झाली की सगळ्यात आधी आम्हालाच कळतं. मग थांबला का नाहीत?

तिने चार बोटं वर केली. चारशे रुपये. नाच अर्धा सोडला तर आयोजक पैसे कापतात.

ऐकू येणाऱ्या मुलींना त्याच कार्यक्रमाचे सातशे मिळतात. सर भांडले, तर उत्तर आलं की यांना सांभाळून घ्यावं लागतं. म्हणून चारशे. येण्याजाण्याचं भाडं त्यातूनच.

हनुवटीला नाचापेक्षा अभिनय जास्त आवडतो, आणि तिचा चेहरा पाहिला की त्याचं नवल वाटत नाही. खुणांच्या भाषेत 'तू जेवलास' आणि 'तू जेवलास का' यांत हातांचा फरक नाही, भुवयांचा आहे. भुवया उचलल्या की प्रश्न. आपण ज्याला हावभाव म्हणतो ते त्यांचं व्याकरण. ओठ वाचणं त्यापेक्षा कितीतरी अवघड. 'बाबा', 'मामा' आणि 'पापा' ओठांवर अगदी सारखे दिसतात. करून बघा आरशात.

'बाबा' नावाचा मराठी चित्रपट २०१९ साली आला. त्यातले कर्णबधिर आईवडील दीपक डोब्रियाल आणि नंदिता पाटकर यांनी केले, म्हणजे दोघंही ऐकू येणारे. त्याआधी १९७२ च्या 'कोशिश'मध्ये संजीव कुमार आणि जया भादुरी, १९९६ च्या 'खामोशी'त नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास, २०१२ च्या 'बर्फी'त रणबीर कपूर. कामं उत्तमच होती, संजीव कुमारांना तर राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण चाळीस-पन्नास वर्षं ही भूमिका फिरून फिरून ऐकू येणाऱ्यांच्याच घरी जाते, याचं आश्चर्य कुणालाच कसं वाटत नाही?

बोलता येत नाही, मग संवाद कसे म्हणणार, असं विचारतात. दक्षिणेत त्याचं उत्तर कधीच मिळालं आहे. अभिनया ही कर्णबधिर अभिनेत्री २००९ च्या तमिळ 'नाडोडिगळ'मध्ये नायकाची बहीण झाली, पुढे त्याच चित्रपटाच्या तेलुगू आणि कन्नड आवृत्त्यांतही तीच भूमिका तिच्याकडे आली. ती ओठांच्या हालचाली पाठ करते, आवाज दुसऱ्याचा. आणि तिथे ऐकू येणाऱ्या कितीतरी नायिकांचाही आवाज दुसऱ्याचाच असतो! मग अडतं कुठे? तिकडे अमेरिकेत मार्ली मॅटलिनला १९८७ साली ऑस्कर मिळालं, आणि त्यानंतर दुसऱ्या कर्णबधिर कलाकाराला, 'कोडा'तल्या ट्रॉय कोत्सूरला, मिळायला २०२२ उजाडलं. त्यामुळे तिकडचेही फार गोडवे गायला नकोत.

आपल्याकडे ८ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने 'आँख मिचोली' चित्रपटाच्या प्रकरणात सांगितलं की अपंगांची टर उडवणारं चित्रण नको आणि त्यांच्याबद्दल काही करताना त्यांनाच सामील करून घ्या. मी हे सरांना सांगितलं. "चांगलं आहे जी," ते म्हणाले आणि फळीखालची सरकलेली वीट नीट करायला वाकले.

हनुवटीने एका मालिकेसाठी मोबाइलवर ऑडिशन पाठवली होती. नाव, वय, उंची सांगणारा व्हिडिओ मागितला होता. तिने खुणांनी सांगितलं, खाली मराठीत अक्षरं टाकली. तिकडून एका ओळीचा निरोप आला: आवाज येत नाही, पुन्हा पाठवा. तो तिने जपून ठेवला आहे आणि येईल त्याला दाखवते. मलाही दाखवला, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

कोजागरीला त्यांचा पुन्हा कार्यक्रम होता. सरांनी निवेदकाला आधीच बाजूला घेऊन विनवलं, "भाऊ, ऐकू येत नाही हे आधी नका सांगू. नाच झाल्यावर सांगा, नाहीतर सांगूच नका." निवेदकाने मान डोलावली. मग माइक हातात आला आणि पहिल्याच वाक्यात त्याने सांगून टाकलं. पडद्याआडून हनुवटी त्याच्या ओठांकडे बघत होती. तिने सरांकडे वळून एक खूण केली, सर हसले. मला अर्थ सांगितला नाही.

नाच चोख झाला. शेवटी मी दोन्ही हात वर करून पंजे हलवले, त्यांच्या टाळ्या तशाच असतात. शेजारचे आजोबा माझ्याकडे बघून जरा सरकून बसले.

मागे दुधाच्या कढईपाशी पाकीट मिळालं. सेल्फीसाठी मंडळाची दोन-तीन पोरं मोबाइल सरसावून आली. हनुवटीने त्यांना हातानेच थांबवलं, बल्बखाली जाऊन नोटा मोजल्या आणि पलीकडे उभ्या असलेल्या सरांना बोटं दाखवली. चार.