सदनिकेतील गळती : दुरुस्तीचा भार कोणावर?

गृहनिर्माणाचा अभ्यास करताना जमीन, कर्ज व अनुदान यांचा विचार होतो. इमारत उभी राहिल्यानंतर तिच्या जलवाहिन्यांची दुरुस्ती कोणी करावयाची, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो.

सहकारी संस्था हा विषय राज्य सूचीत (नोंद ३२) असल्याने नियम राज्यागणिक भिन्न आहेत. कर्नाटकाच्या १९७२ च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमानुसार सामाईक खर्च मालकांच्या अविभाज्य हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी विभागणी स्पष्ट करतात. बाहेरील जलवाहिन्या, पंप, टाक्या, मलनिस्सारण वाहिन्या, तसेच पावसामुळे व सामाईक वाहिन्यांमुळे होणारी गळती यांचा खर्च संस्थेचा; शौचालय, सिंक आदींची अंतर्गत गळती सभासदाची. दुरुस्तीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के वार्षिक वर्गणी आकारली जाते. (पाणीपट्टी मात्र नळांची संख्या व आकार यांवरून ठरते, माणसांवरून नव्हे!) नव्या इमारतीत, ताबा दिल्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आलेला बांधकामाचा दोष प्रवर्तकाने विनाशुल्क दूर करावयाचा असतो, असे स्थावर संपदा अधिनियम, २०१६ चे कलम १४ सांगते.

खरी अडचण वेगळीच आहे. वरच्या मजल्यावरील स्नानगृहाचे जलरोधन निकामी होते आणि छत खालच्याचे ओले होते. दुरुस्ती ज्याच्या हाती, त्याला झळ नाही. अर्थशास्त्रात यास नकारात्मक बाह्य परिणाम म्हणतात. हक्क स्पष्ट असतील व वाटाघाटींचा खर्च नगण्य असेल, तर संबंधित पक्ष आपसांत तोडगा काढतात, असे रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये मांडले. येथे पक्ष दोनच, नियमही स्पष्ट; तरी तोडगा निघत नाही. कारण पाणी स्लॅबमधून वाट काढीत भलतीकडेच झिरपते आणि उगम लाद्या फोडल्याशिवाय सहसा कळत नाही. वरचा सभासद सामाईक वाहिनीकडे बोट दाखवितो, संस्था स्नानगृहाकडे. दरम्यान स्लॅबमधील लोखंड गंजते, आणि संरचनात्मक दुरुस्ती तर संस्थेवरच येते. म्हणजे एकाने टाळलेला खर्च अखेरीस वर्गणीतून सर्वांच्या माथी बसतो.

वाद सहकार अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकारी न्यायालयात नेता येतो; परंतु दाव्याचा खर्च अनेकदा दुरुस्तीहूनही जड जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते, संस्थेने प्रथम स्वखर्चाने तपासणी व दुरुस्ती करून घ्यावी आणि दोष निश्चित झाल्यावर खर्चाची वाटणी करावी. सर्वसाधारण सभेने तसा ठराव गळती सुरू होण्यापूर्वीच करावा. कोणाचे स्नानगृह गळणार हे तोवर कोणालाच ठाऊक नसते.