कापूस आणि गुलामगिरी

यंत्रानें मनुष्याचे कष्ट हलके होतात, असें आपण सहज म्हणतों. परंतु दक्षिण अमेरिकन संस्थानांतील कापसाचा इतिहास निराळेंच सांगतो. १७९३ सालीं एली व्हिटने यानें सरकी काढण्याचें यंत्र रचिलें. सरकी झपाट्यानें निघूं लागली, पण बोंडें हातानेंच वेचावीं लागत. लँकेशायरच्या गिरण्यांची मागणी जसजशी वाढली, तसतसे राबणारे हात अधिक लागूं लागले. १८०८ पासून परदेशांतून गुलाम आणण्यास बंदी झाली. तेव्हां व्हर्जिनियासारख्या जुन्या संस्थानांतून लाखों गुलाम अलाबामा, मिसिसिपीकडे नेण्यांत आले. बाजारांत मायलेकरांची ताटातूट होई. १७९० सालीं सुमारें ७ लाख असलेले गुलाम १८६० सालीं सुमारें ४० लाख झाले.

१८६१ सालीं तेथें यादवी जुंपून तो कापूस अडला, तेव्हां मुंबईच्या व्यापाऱ्यांवर पैशाचा पाऊस पडला; १८६५ सालीं युद्ध संपतांच भाव कोसळले. त्याच सालीं अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. यंत्राची कथा मुलांस सांगतांना वडील मंडळींनीं ती वेचणाऱ्या हातांपर्यंत न्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे. कारण स्वस्त कापडाचें खरें मोल दुकानदाराच्या वहींत कधींच लिहिलेलें नसतें.