प्रसूतिगृहातील पहिली लस

यकृताचा कर्करोग एकाच कुटुंबातील भावाभावांना ऐन कर्त्या वयात गाठतो, मुलामागून मुलगा त्याच वाटेने जातो, आणि मागे राहिलेली माणसे हा आपल्या कुळाचाच भोग आहे असे मानून मान खाली घालतात, हे दृश्य १९७० च्या सुमारास तैवान बेटावर इतके परिचयाचे होते, की त्यामागे आनुवंशिक दोषाखेरीज दुसरे कारण असू शकेल अशी शंका फार थोड्यांना आली. ती ज्यांना आली त्यांत पामर बीझली हे अमेरिकन साथरोगतज्ज्ञ होते. तैपेईत राहून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी नोकरांची पाहणी आरंभिली. कारण या नोकरवर्गाच्या विम्याची दप्तरे व्यवस्थित असल्याने कोण कशाने वारला याचा दाखला खात्रीने मिळे. बावीस हजार सातशे सात पुरुषांपैकी ३,४५४ जणांच्या रक्तात हिपॅटायटिस-बी विषाणूचे पृष्ठ-प्रतिजन आढळले होते. १९८१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा यकृताच्या कर्करोगाचे एकेचाळीस रुग्ण नोंदले गेले होते, आणि त्यांतील चाळीस या ३,४५४ वाहकांमधले होते. उरलेल्या एकोणीस हजारांवर माणसांत अवघा एक.

परंतु हे वाहक वाहक झाले कधी? प्रौढ माणसाला हा संसर्ग झाला, तर शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक जण काही महिन्यांत विषाणूला शरीराबाहेर घालवितात. नवजात अर्भकाची गोष्ट अगदी उलट आहे: जन्मसमयी संसर्ग झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ बालकांच्या यकृतात विषाणू कायमचे ठाण मांडतो. गर्भाशयात असताना बहुतेक बाळे सुरक्षित असतात. प्रसूतीच्या वेळी मातेच्या रक्ताशी व स्रावांशी जो निकट संपर्क येतो, त्यातूनच संसर्ग मुख्यतः घडतो. विषाणूचे ‘ई’ नावाचे प्रतिजन वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते, आणि त्यामुळे बाळाची प्रतिकारयंत्रणा या परक्याला घरचाच समजू लागते, असे अनेक संशोधक मानतात. मातेच्या रक्तात हे ‘ई’ प्रतिजन असेल आणि प्रतिबंधाची कोणतीच तजवीज केली नसेल, तर शंभरांतील सत्तर ते नव्वद बाळांना बाधा होते. अशा बाळाला ना ताप येतो ना कावीळ होते. ते दूध पिते, बाळसे धरते, शाळेत जाते, आणि तीस-चाळीस वर्षांनी यकृत कठीण होऊ लागते किंवा त्यात गाठ आढळते. मातेलाही आपल्या रक्तात काही आहे याची बहुधा जाणीवच नसते, कारण तिलाही तो तिच्या आईकडून असाच निःशब्दपणे मिळालेला असण्याचा संभव मोठा. ज्याला लोक कुळाचा भोग म्हणत होते तो प्रसूतीच्या काही तासांत होणारा संसर्ग होता, आणि म्हणूनच तो अडविता येण्याजोगा होता.

बीझलींच्या गटाने तसे करून दाखविले. वाहक मातांच्या बाळांना जन्मतःच तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, आणि त्यासोबत लस दिली असता, ज्या बाळांपैकी दहांतील नऊ वाहक झाली असती त्यांचे वाहक होण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. जुलै १९८४ मध्ये तैवान सरकारने वाहक मातांच्या बाळांसाठी लसीकरण सुरू केले आणि दोन वर्षांनी ते सर्व नवजातांना लागू केले. पुढे १९९७ साली जो ताळेबंद प्रसिद्ध झाला, त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण दर लाखामागे ०.७० वरून ०.३६ पर्यंत उतरल्याचे दिसले. लस टोचून कर्करोग टाळता येतो, याचा मानवी समाजातील हा पहिला मोठा पुरावा, आणि माझ्या मते गेल्या शतकातील वैद्यकाच्या थोर कार्यांत त्याची गणना व्हावयास हवी.

आपल्याकडेही जन्मानंतर चोवीस तासांच्या आत या लसीची पहिली मात्रा आणि पुढे सहा, दहा व चौदा आठवड्यांना पंचगुणी लस, असा राष्ट्रीय लसीकरणाचा क्रम आहे. २८ जुलै २०१८ रोजी देशभर विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रणाचा स्वतंत्र कार्यक्रमही सुरू झाला. तरीही घरी झालेली प्रसूती, सुटीचा दिवस, ‘उद्या टोचू’ म्हणून झालेली दिरंगाई यांनी ते मोलाचे तास हातचे जातात. हा उशीर क्षुल्लक मानू नये. पहिल्या दिवशीची मात्रा ही संसर्ग होऊन गेल्यावरही त्याला गाठणारी मात्रा आहे, आणि सहाव्या आठवड्याची लस तिची जागा घेऊ शकत नाही. म्हणूनच गर्भवतीची रक्ततपासणी लवकर व्हावी. विषाणूचे प्रमाण दर मिलिलिटरला दोन लाख एककांहून अधिक असेल, तर गर्भारपणाच्या उत्तरार्धात टेनोफोविर हे औषध देतात, आणि लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो बारा तासांच्या आत देतात. केवळ या कारणासाठी शस्त्रक्रियेने प्रसूती करण्याची आवश्यकता नाही. बाळाला लस मिळाली असता मातेने अंगावर पाजण्यासही हरकत नाही. हे सासरच्या वडीलधाऱ्यांना डॉक्टरांनी स्वतः सांगावे, कारण अहवाल हाती पडताच बाळंतिणीचे ताट-वाटी वेगळे काढणारी घरे अजून आहेत, आणि एका ताटात जेवल्याने किंवा बाळाला कुशीत घेतल्याने हा विषाणू पसरत नाही.

बाळ नऊ ते बारा महिन्यांचे झाले, की त्याचे रक्त तपासून लसीने आपले काम केले की नाही ते पाहतात. त्याच्या कितीतरी आधी, मातेचा अहवाल आला त्याच आठवड्यात, तिच्या पतीची, आईची, सख्ख्या भावंडांची आणि आधीच्या अपत्यांची तपासणी व्हावयास हवी. त्यांच्यापैकी कोणाला औषधाची गरज असेल, तर कोणाला लसीची.